चला, आपला पहाड पाहू



सकाळी शेतात उभे राहून उत्तरेकडे पाहा. आकाश स्वच्छ असेल तर एक निळी रेघ दिसते. अकोट, तेल्हारा, अंजनगाव, अचलपूर या भागात राहणाऱ्यांना ती रेघ अगदी जवळ दिसते. दर्यापूरकडच्या लोकांना ती पुसट दिसते. ती रेघ म्हणजे आपला सातपुडा. आपण वऱ्हाडातले लोक त्याला नुसते ‘पहाड’ म्हणतो.

पुष्कळ जणांचा जन्म या पहाडाकडे पाहण्यात जातो, पण त्यावर पाऊल पडत नाही. विचारले तर म्हणतात, “गुरुजी, पहाडात पाहाले काय हाये? दगडं अन् झाडं!”

दगड आणि झाडे आहेत, हे खरे. पण त्या दगडांत किल्ले आहेत, त्या झाडांत वाघ आहे, आणि त्या दोहोंच्या मधून आपले पिण्याचे पाणी येते. म्हणून या धड्यात आम्ही तुम्हाला पहाडाची ओळख करून देणार आहोत. काय पाहावे, कसे जावे आणि सुखरूप घरी कसे यावे, हे तिन्ही सांगणार आहोत.

पहाड कसा झाला?

विहीर खणताना काय लागते ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. सातपुड्याचा हा भाग त्याच काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. त्यांतून तापलेला, वितळलेला रस बाहेर आला. तो पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा नवा रस आला. घरी धिरड्यावर धिरडे ठेवावे, तसे थरावर थर बसले. चिखलदऱ्याच्या कड्यांकडे नीट पाहिले तर हे थर आजही दिसतात.

पुढे फार मोठ्या काळात जमीन खचली. दक्षिणेकडचा भाग खाली गेला, उत्तरेकडचा वर राहिला. खालच्या भागात नद्यांनी गाळ आणून टाकला. तीच आपली पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन. म्हणून वऱ्हाडातून पाहिले की पहाड भिंतीसारखा उभा दिसतो. उत्तरेकडे मात्र तो डोंगर आणि दऱ्यांत पसरत जातो. त्या भागाला मेळघाट म्हणतात. मेळघाट म्हणजे जेथे घाटांचा मेळ झाला आहे ती जागा.

एका पावसाच्या दोन वाटा

आता एक गंमत ऐका. घराच्या आढ्यावर पाऊस पडला की काही पाणी पुढच्या पागोळीला जाते, काही मागच्या पागोळीला. आपला पहाडही तसाच आहे.

पहाडाच्या उत्तरेला पडलेले पाणी खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्यांतून वाहत जाते. या पाचही नद्या तापी नदीला मिळतात. दक्षिणेला पडलेले पाणी चंद्रभागा, शहानूर, वान अशा नद्यांतून आपल्याकडे उतरते आणि पूर्णेला मिळते. एकाच ढगाचे पाणी असे पाठीला पाठ लावून दोन दिशांना जाते. पण पूर्णा नदी पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीलाच मिळते. म्हणजे पहाडावर ताटातूट झालेले पाणी चांगदेवाला पुन्हा एकत्र येते!

श्रावणात अकोल्याचे लोक गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी कावडीत भरतात आणि राजराजेश्वराला वाहतात. त्या कावडीत चिखलदऱ्याच्या चंद्रभागेचे पाणीही असते. पहाड चढून न गेलेल्या माणसाच्या खांद्यावरही पहाडाचे पाणी असते, ते असे.

ही झाली भक्तीची गोष्ट. आता पोटाची गोष्ट ऐका. पूर्णाकाठच्या कितीतरी गावांत विहिरीचे पाणी खारे आहे. त्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. तेथे विहीर खोल केली तरी पाणी गोड होत नाही. मग गोड पाणी आणायचे कोठून? पहाडातून. वान नदीवर वारी येथे धरण आहे. त्याचे पाणी अकोट आणि तेल्हारा भागातील गावांना मिळते. शहानूर धरणाचे पाणी अंजनगाव आणि दर्यापूरकडे जाते. पहाडाच्या पायथ्याशी गोटे आणि वाळू यांचे थर आहेत. त्यांत पाणी मुरते आणि पायथ्याच्या विहिरींना येते. अचलपूरचे संत्र्याचे बगीचे आणि अंजनगावचे पानमळे अशा विहिरींवरच वाढले.

पहाडावर झाडे आहेत तोवर पावसाचे पाणी थांबते आणि मुरते. झाडे गेली तर तेच पाणी एका दिवसात धावत सुटेल आणि माती घेऊन जाईल. धरणात गाळ भरेल. म्हणून पहाडावर कुऱ्हाड पडली की तिचा घाव आपल्या घागरीला बसतो.

चिखलदरा

पहाडावरचे पहिले पाहण्याचे ठिकाण म्हणजे चिखलदरा. विदर्भातले हे एकच थंड हवेचे गाव. समुद्रापासून त्याची उंची सुमारे १,११८ मीटर आहे. अकोला सुमारे २८० मीटर उंचीवर आहे. म्हणजे चिखलदरा अकोल्याहून ८०० मीटरांहून अधिक उंच. एक हजार मीटर वर चढले की हवा साधारण ६ अंशांनी थंड होते. यावरून हिशेब करा. वैशाखात अकोल्यात अंगाची लाही होत असते, तेव्हा चिखलदऱ्यात सुमारे पाच अंश कमी ऊन असते. रात्री तर पांघरूण लागते.

परतवाड्याहून चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर आहे. एस. टी. जाते. वाट वळणावळणाची आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटभर जेवून बसू नये.

चिखलदरा हे नाव कसे पडले? लोक महाभारतातली कथा सांगतात. पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे राहिले होते. कीचकाने द्रौपदीची छेड काढली. भीमाने त्याला मारले आणि दरीत फेकले. म्हणून ती कीचकदरा आणि पुढे चिखलदरा. भीमाने हात धुतले ते भीमकुंड. जवळच वैराट नावाचे ठिकाण आहे. आपल्या जिल्ह्यातला तो सर्वांत उंच माथा. लोक म्हणतात, तीच विराटाची नगरी. कथा ही कथा म्हणून ऐकावी, आणि भीमकुंडाचा कडा डोळ्यांनी पाहावा. पावसाळ्यात तेथे धबधबा पडतो. खाली पाहिले की पोटात गोळा येतो.

१८२३ साली हैदराबाद पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन नावाचा इंग्रज येथे आला. त्याला ही हवा मानवली. मग साहेब लोक उन्हाळ्यात येथे येऊन राहू लागले. त्यांच्या काळात येथे कॉफीची लागवड झाली. आजही चिखलदऱ्यात कॉफीची झुडपे पाहावयास मिळतात. महाराष्ट्रात हे झाड दुसरीकडे सहसा दिसत नाही.

कड्याच्या टोकाला तेथे ‘पॉइंट’ म्हणतात. देवी पॉइंटला कपारीत देवीचे ठाणे आहे. तेथे दगडातून पाणी ठिबकत असते. चंद्रभागेचा उगम तेथेच मानतात. पंचबोल पॉइंटवर उभे राहून हाक मारली तर समोरचे डोंगर ती हाक पुन्हा पुन्हा परत देतात. मोझरी पॉइंट आणि हरिकेन पॉइंट येथून खोल दरी दिसते. शक्कर तलाव गावाजवळच आहे. एवढे सगळे एका दिवसात पायी होत नाही. दोन किंवा तीन ठिकाणे निवडा आणि ती निवांत पाहा.

गाविलगड

चिखलदऱ्याहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर गाविलगड आहे. आधी येथे गवळ्यांची गढी होती असे म्हणतात. तीवरून गाविलगड हे नाव पडले. बहमनी सुलतान अहमदशहा याने १४२५ च्या सुमारास येथे दगडी किल्ला बांधविला. आत तलाव आहेत, मशीद आहे, मोठे दरवाजे आहेत. लोखंडी तोफा अजून पडून आहेत. दरवाजांवर कोरलेली चित्रे थांबून पाहावीत.

हा किल्ला पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८०३ साली मराठे आणि इंग्रज यांची लढाई जुंपली. २९ नोव्हेंबर रोजी तेल्हारा तालुक्यातील आडगावजवळ मोठी लढाई झाली. तीत भोसल्यांचा पराभव झाला. मग इंग्रज सेनापती वेलस्ली गाविलगडावर चालून आला.

आता किल्ल्याची जागा ध्यानात घ्या. दक्षिणेकडून सरळ कडा आहे. तिकडून चढणे अशक्य. फक्त उत्तरेकडे किल्ला पठाराला जोडलेला आहे. इंग्रजांनी हे ओळखले. त्यांनी डोंगरातून वाट काढली आणि जड तोफा ओढत फेऱ्याने उत्तरेकडे नेल्या. त्या तोफांनी तटाला खिंडार पाडले. १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. याच वेलस्लीने पुढे १८१५ साली युरोपात वॉटर्लूच्या रणात नेपोलियन बादशहाचा पराभव केला.

यातून शिकायचे काय? तट कितीही उंच असो, एक बाजू कच्ची राहिली की शत्रू तीच शोधतो. घराचे आणि गावाचेही असेच असते.

नरनाळा

अकोला जिल्ह्यातल्या लोकांचा किल्ला म्हणजे नरनाळा. तो अकोट तालुक्यात शहानूर गावाच्या वर आहे. एका मोठ्या किल्ल्याच्या दोन्ही अंगांना दोन लहान किल्ले आहेत. एक जाफराबाद आणि दुसरा तेलियागड. तिन्ही मिळून नरनाळा.

येथे दोन गोष्टी अवश्य पाहा. पहिली महाकाली दरवाजा. हा दरवाजा १४८७ सालचा आहे. दगडात कमळे कोरली आहेत आणि अक्षरांच्या ओळी आहेत. इतकी नाजूक नक्षी पाहून लाकूडकाम करणारा सुतारही तोंडात बोट घालील. दुसरी गोष्ट नऊगजी तोफ. तिच्याजवळ उभे राहिले म्हणजे ती येथे कशी आणली असेल, याचे नवल वाटते.

किल्ल्यावर पुष्कळ तळी आहेत. उंच डोंगराच्या माथ्यावर पाणी कोठून आले? जुन्या लोकांनी पावसाचे पाणी उतारावर अडविले, ते पाटाने तळ्यात नेले आणि वर्षभर पुरविले. आज आपण शेतात बांध घालून पाणी अडवा, पाणी जिरवा असे म्हणतो. त्यांनी तेच पाचशे वर्षांपूर्वी केले होते. नरनाळा पाहावयास जाल तेव्हा तोफ पाहा, पण तळीही पाहा. तोफ आता उपयोगाची नाही. तळ्याची विद्या अजून उपयोगाची आहे.

नरनाळा अभयारण्यात आहे. पायथ्याच्या नाक्यावर नाव नोंदवून आणि परवाना घेऊनच वर जावे.

वाघाचे घर, माणसाचे घर

पहाडाच्या पलीकडे मेळघाटचे सागवानी जंगल आहे. १९७३ साली देशात वाघ वाचविण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी आरंभी नऊ जंगले निवडली. त्यांत मेळघाट होते. १९७४ साली येथे व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलात वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, सांबर आणि रानकुत्री आहेत. वाघापेक्षा अस्वलापासून अधिक जपावे. ते समोरासमोर आले की बिचकते आणि अंगावर येते.

येथे एक लहान पक्षीही आहे. त्याचे नाव रानपिंगळा. हे घुबड दिवसाही दिसते. शंभर वर्षांहून अधिक काळ ते कोणाला दिसले नव्हते. जगातून नाहीसे झाले, असे विद्वान म्हणू लागले होते. १९९७ साली खानदेशात ते पुन्हा सापडले आणि पुढे मेळघाटातही दिसले. जंगल राखले तर हरवलेले परत भेटते.

मेळघाटात कोरकू लोक पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांची भाषा मराठीहून अगदी निराळी आहे. कोरकू या शब्दाचा अर्थच ‘माणसे’ असा आहे. सिपना नदीचे नाव त्यांच्या भाषेतले. सिपना म्हणजे साग. वाघाला जागा मोकळी करण्यासाठी जंगलातली काही गावे आता उठून खाली अकोट तालुक्यात आली आहेत. ज्याने आपले गाव सोडले त्याचे मन आपण शेतकरी ओळखू शकतो. कोरकूंच्या पाड्यात जाल तेव्हा पाहुण्यासारखे जा. न विचारता घरात डोकावू नका. न विचारता मोबाईलवर फोटो काढू नका.

आणखी दोन ठिकाणे

मोर्शी तालुक्यात सालबर्डी आहे. तेथे माडू नदी, गुहा आणि महादेवाचे स्थान आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी येथे मोठा यज्ञ केला होता. परतवाड्याजवळ, मध्य प्रदेशाच्या हद्दीत, मुक्तागिरी हे जैनांचे तीर्थ आहे. तेथे डोंगरात बावन्न मंदिरे आहेत आणि पावसाळ्यात मंदिरांशेजारून धबधबा कोसळतो.

जाण्याआधी हे वाचा

दर पावसाळ्यात पहाडात काही घरांचे दिवे विझतात. कोणी फोटोसाठी कड्यावर जातो. कोणी धबधब्याखाली उतरतो. घरी आई वाट पाहत राहते. म्हणून पुढील गोष्टी पाठ करा.

१. कड्याच्या कठड्यापलीकडे जाऊ नका. पावसाळ्यात दगडावर शेवाळ असते. धुके आले की चार हातांपुढचे दिसत नाही. धुके आले की जेथे आहात तेथेच थांबा.

२. ओढ्यात उतरला असाल तर पाण्यावर डोळा ठेवा. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाने आणि काड्या वाहू लागल्या, की समजा वर पाऊस झाला आहे. लगेच काठावर या. वस्तूंसाठी मागे फिरू नका.

३. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. पाणी एका घटकेत उतरेल. गेलेला जीव परत येत नाही.

४. किल्ल्याच्या कमानीत आणि कड्याला आग्या मोहोळ असते. तेथे धूर करू नका. दगड मारू नका. गोंगाट करू नका.

५. विजा चमकत असतील तर एकट्या झाडाखाली उभे राहू नका.

६. बिडी प्यायची असेल तर गावातच प्या. जंगलात पेटती काडी टाकू नका. चैत्र आणि वैशाखात सागाची वाळलेली पाने बारुदासारखी पेट घेतात.

७. शिदोरी फडक्यात बांधून न्या. पिशव्या आणि बाटल्या परत आणा. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेणगावचे. त्यांनी जन्मभर हाती खराटा धरला. आपण निदान आपला कचरा तरी उचलावा.

८. चार जण मिळून जा. घरी सांगून जा. दिवस मावळण्याआधी खाली या.

पाटी वाचा

पहाडाच्या वाटेवर जागोजागी पाट्या असतात. ‘वाहने सावकाश हाका.’ ‘पुढे धोक्याचे वळण.’ ‘पाण्यात उतरू नये.’ ‘आत जाण्यास मनाई आहे.’ या पाट्या काल तुमच्यासाठी नुसत्या रंगविलेल्या फळ्या होत्या. आज त्या तुमच्याशी बोलतात. बरोबरच्या माणसांत कोणाला वाचता येत नसेल. कोणी पोरगा वाचता येऊनही वाचत नसेल. तुम्ही थांबा आणि पाटी मोठ्याने वाचा. तुमच्या दोन शब्दांनी एखाद्याचा जीव वाचेल. शिकलेल्या अक्षराचे याहून मोठे मोल आम्हाला ठाऊक नाही.

कठीण शब्द

आढे – घराच्या छपराचा सर्वांत उंच भाग
पागोळी – छपरावरून खाली पडणारी पाण्याची धार
खारपाणपट्टा – जेथे जमिनीतले पाणी खारे असते तो भाग
खिंडार – भिंतीला पडलेले भगदाड
अभयारण्य – जेथे शिकार करण्यास मनाई आहे ते जंगल

उत्तरे सांगा

१. पहाडावर दोन दिशांना गेलेले पाणी पुन्हा कोठे एकत्र येते?
२. गाविलगडाची कोणती बाजू कच्ची होती?
३. तुमच्या गावाला पिण्याचे पाणी कोठून येते? चौकशी करून तीन ओळी लिहा.
४. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले तर काय कराल?
५. या आठवड्यात रस्त्यावरच्या पाच पाट्या वाचा आणि वहीत उतरवून आणा.